पिस्तूल उशाशी ठेवण्याआधी

मला लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि म्हातारी आई. आसपास दोन-तीन घरफोड्या झाल्यात. स्वसंरक्षणासाठी परवाना काढून पिस्तूल घ्यायचा विचार चाललाय, तर कुठलं घ्यावं? वरवर पाहता हा खरेदीचा प्रश्न, पण पुढे जे लिहिलंय त्यात पाच गृहीतकं दडलीत. पिस्तूल दिसलं की चोर पळेल. नाही पळाला तर हवेत बार काढू. तरी पुढे आला तर पायावर मारू, जीव कशाला घ्यायचा. शिकायला एखादा रविवार पुरेल. आणि माणूस आपल्या घरात शिरलाय म्हटल्यावर कायदा आपल्याच बाजूने राहील.

मी बावीस वर्षं पिस्तूल चालवायला शिकवतो, त्याआधी काही वर्षं गणवेशात होतो. 'कुठलं घ्यावं' याचं उत्तर मी इथे देणार नाही, कारण या सगळ्यात तेवढाच भाग सोपा आहे आणि त्याने फरकही सगळ्यात कमी पडतो. ही पाच गृहीतकं मात्र मला जवळजवळ प्रत्येक तुकडीत भेटतात, आणि त्यांच्या मुळाशी एकच समजूत असते: पिस्तूल हातात आलं की आपल्याला विचार करायला वेळ मिळतो. माझा अनुभव उलटा आहे. पिस्तूल वेळ खातं. त्याला अंतर लागतं, उजेड लागतो, समोर कोण आहे याची खात्री लागते, आणि हल्ला होतो तेव्हा नेमक्या याच गोष्टी हातात नसतात.

1983 साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलिस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी एक साधा हिशेब मांडला. धडधाकट माणूस 21 फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर दीड सेकंदात कापतो. सराव असलेल्या पोलिसाला होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, पिस्तूल काढून समोरच्यावर गोळी झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. लोकांनी पुढे याचा '21 फुटांचा नियम' करून टाकला, जणू त्या रेषेच्या आत चाकूवाला आला की गोळी घालायची मुभाच मिळाली. ट्यूलर यांना सांगायचं होतं ते वेगळंच: धोका तुम्हाला वाटतो त्याहून लांबवर सुरू होतो, तेव्हा आधीच सावध व्हा, मागे सरा, कशाच्या तरी आड जा.

हा प्रयोग मी पहिल्याच दिवशी करून दाखवतो. निळं प्लास्टिकचं पिस्तूल आणि चाकूच्या जागी जाड लाल मार्कर. एका तुकडीत एक उंचापुरा गृहस्थ होता, पिस्तूल कमरेला, वरून सैल शर्ट. सात मीटरवर त्याच्या निम्म्या वजनाचा एक पोरगा उभा केला. मी शिट्टी वाजवली. गृहस्थाचा डावा हात शर्ट वर उचलायला गेला, उजव्या मुठीत पिस्तुलाबरोबर शर्टाचं टोकही आलं, आणि ते सोडवायला त्यांनी खाली बघितलं. वर बघेपर्यंत गळ्यापासून बेंबीपर्यंत लाल रेघ. 'परत एकदा' म्हणाले. या वेळी पोरगा धावणार हे पक्कं माहीत होतं, नजर त्याच्यावर रोखलेली होती. पिस्तूल बाहेर आलं तेव्हा मार्कर त्यांच्या मनगटावर टेकलेला होता. तिसऱ्या वेळी मी त्यांना कानात सांगितलं की पिस्तुलाला हातच लावू नका, शेजारच्या टेबलाच्या पलीकडे जा. पोरगा टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून दमला. वर्ग हसला, पण त्या दिवशी सगळ्यात उपयोगाचं ते टेबलच होतं.

आता हाच हिशेब रात्री तीन वाजता मांडा. झोपेतून जाग येणार, आवाज खरा की भास हे ठरवण्यात काही सेकंद जाणार, मग कुलूप, मग मॅगझीन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी), मग अंधार. यावर हमखास उत्तर येतं, 'मग कुलूप कशाला, भरून उशीखालीच ठेवतो.'

इथे मी जरा थांबणार आहे, कारण चोरापेक्षा जास्त माणसं या उशीखालच्या पिस्तुलाने जातात असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांना लपवलेली जागा माहीत नाही हे फक्त आईवडिलांना वाटत असतं. ज्या मुलाला बिस्किटांचा डबा माळ्यावर कुठल्या कोपऱ्यात आहे हे ठाऊक असतं, त्याला ही वस्तू सापडणार नाही? दुसरा भाग कोणी बोलत नाही तो. 2020 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कॅलिफोर्नियातल्या सुमारे 2 कोटी 60 लाख प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतःच्या मालकीचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असलेल्या पुरुषांत गोळी झाडून आत्महत्या करण्याचं प्रमाण नसलेल्या पुरुषांच्या आठपट निघालं, स्त्रियांत 35 पटींहून जास्त. वाईट क्षण येतो आणि बहुतेकदा निघूनही जातो. तेवढ्यात हाताशी काय आहे यावर सगळं असतं. घरात कोणी खचलेलं असेल, दारूच्या आहारी गेलेलं असेल, रागाच्या भरात वस्तू फेकणारं असेल, तर पिस्तुलाचा विचार तिथेच सोडा. मी असे लोक वर्गातून परत पाठवलेत, फी परत देऊन.

आणि 'आम्ही काळजी घेऊ' या शब्दावर माझा विश्वास नाही, कारण मीही काळजी घेणारा माणूस आहे. शिकवायला लागून अकरा वर्षं झाल्यावर माझ्या हातून एक गोळी सुटली. दिवसाच्या शेवटी पिस्तूल रिकामं करत होतो, कोणाशी तरी बोलत. आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढली, काडतूस उडून टेबलावर पडलं, ते बघून मनाचं समाधान झालं, मग मॅगझीन काढलं. क्रम उलटा झाला. मॅगझीन आत असताना स्लाइड ओढली की चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यातलं) काडतूस बाहेर पडतं, आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधलं वरचं काडतूस आत ढकलते. म्हणजे डाव्या हातात मॅगझीन, टेबलावर एक काडतूस, डोक्यात 'रिकामं झालं', आणि चेंबर भरलेलं. मी चाप ओढला. नळी वाळूच्या पेटीकडे होती म्हणून फक्त वाळू उडाली. कानात संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजत होती आणि चार शिकाऊ माझ्याकडे बघत होते. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं, ही समजूत तुमचीही असेल तर आजच टाकून द्या. काही मॉडेलं मॅगझीनशिवाय चालत नाहीत, बरीचशी बिनदिक्कत चालतात. आधी मॅगझीन, मग स्लाइड, मग डोळ्याने आणि करंगळीने चेंबर तपासायचं.

आता 'दिसलं की पळेल'. हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. पुष्कळ चोर घरात कोणी जागं आहे एवढं कळलं तरी पळतात, त्यासाठी दिवा लावणं किंवा ओरडणं पुरतं. जो दिव्याने, आवाजाने, कुत्र्याने हलला नाही तो पिस्तुलाने हलेलच असं गृहीत धरता येत नाही. तो नशेत असेल, वेडसर असेल, किंवा तुमचा हात थरथरताना बघून त्याने तुम्हाला जोखलं असेल. दाखवण्यापुरतं बाहेर काढलेलं पिस्तूल हिसकावून घेता येतं, खास करून हाताच्या अंतरावर, आणि मग तुमच्या घरात एक भरलेलं पिस्तूल त्याच्या हातात असतं. 'मी काही चालवणार नाही, नुसता धाक दाखवीन' असं ज्याने मनाशी ठरवलंय त्याने ते विकतच घेऊ नये. शिवाय नुसतं रोखणं हासुद्धा बऱ्याच देशांत गुन्हा ठरतो, धोका खरा नसेल तर.

हवेत बार काढायचं म्हणाल, तर घराच्या आत हवा म्हणजे छत. वर कोण झोपलंय? बाहेर अंगणात काढला तर गोळी वर जाते तशी खालीही येते. अगदी सरळ वर गेलेली गोळी परतताना बराच वेग गमावते, पण तिरक्या कोनात गेलेली तेवढा गमावत नाही, आणि घाबरलेला माणूस हात बरोबर काटकोनात धरत नाही. प्युर्टो रिकोमध्ये 2003च्या शेवटच्या रात्री नववर्षाच्या जल्लोषात लोकांनी हवेत गोळ्या झाडल्या, त्यात 19 जणांना गोळ्या लागल्या आणि त्यातल्या एकाचा जीव गेला. ते सगळे बिचारे कुठेतरी आपापल्या जागी उभे होते. आणखी एक अडचण: अनेक ठिकाणचा कायदा इशाऱ्याचा बार आणि अंगावरचा बार यात फारसा फरक करत नाही, दोन्ही जीवघेण्या बळाचा वापर. तुम्हाला इशारा द्यायला सवड होती, तर धोका तेवढा अंगावर आलेला नव्हता, असं समोरचा वकील म्हणणार.

पायाचंही तेच, आणि हा गैरसमज सगळ्यात भल्या माणसांचा असतो म्हणून नीट सांगतो. जीव घ्यायचा नाही ही भावना चांगलीच आहे. पण मांडी ही शरीरातली सुरक्षित जागा नाही. तिच्यातून फेमोरल ही मोठी धमनी जाते, ती फाटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने जातो. अमेरिकी फुटबॉलपटू शॉन टेलर 2007 साली मायामीजवळच्या आपल्या घरात घरफोडीच्या वेळी मांडीत गोळी लागून गेला. चोवीस वर्षांचा, व्यावसायिक खेळाडूचं शरीर, इस्पितळात नेलं, शस्त्रक्रिया झाली, तरी वाचला नाही. ती गोळीही 'पायावरच' होती. दुसरं म्हणजे धावणाऱ्या माणसाचा पाय हा अंगातला सगळ्यात जास्त हलणारा अवयव, रुंदी वीतभर. चुकलेली गोळी फरशीवरून उसळून कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही. धडाच्या मध्यावर नेम धरायला शिकवतात तो क्रूरपणा म्हणून शिकवत नाहीत. ती जागा सगळ्यात मोठी असते आणि सगळ्यात कमी हलते, म्हणून चुकून भलतीकडे जाणाऱ्या गोळ्या कमी होतात. वर्गात मी एवढंच सांगतो: ज्या प्रसंगात तुम्हाला पायावर मारावंसं वाटतंय, त्या प्रसंगात बहुधा अजून गोळी झाडायची वेळ आलेली नाही.

पडद्यावर गोळी लागलेला माणूस मागे उडून काचेतून पडतो. साधं गणित करा. 9 मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी साधारण 8 ग्रॅमची, वेग सेकंदाला 350 मीटरच्या आसपास. 70 किलोच्या माणसाच्या अंगात ती पूर्ण थांबली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला 4 सेंटिमीटर. मुंगीला घाई असते त्या वेगाने तो मागे सरकेल. आणि गोळी एवढा जोराचा धक्का देत असती तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने झाडणाराही पाठीवर पडला असता. गोळी लागलेला माणूस थांबतो तो घाबरून, दुखून, रक्त जाऊन, किंवा मेंदू-मणक्याला इजा होऊन. यातलं पहिलं त्याच्या मनावर अवलंबून आहे आणि रक्त जायला वेळ लागतो. 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या आठ जणांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यातल्या मायकल प्लॅटला सुरुवातीलाच एक 9 मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत लागली, हृदयापासून साधारण इंचभर अलीकडे थांबली. त्या जखमेने तो नंतर मेलाच असता. पण त्याआधी तो लढत राहिला आणि दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. त्यानंतर एफबीआयने काडतुसांची चाचणी बदलली, आणि 1989च्या त्यांच्या एका टिपणात स्पष्ट लिहिलं की हृदय पूर्ण निकामी झालं तरी मेंदूत 10 ते 15 सेकंद पुरेल एवढा प्राणवायू असतो. साडेसहा मीटर कापायला दीड सेकंद लागतो हे वर सांगितलंच आहे. एका गोळीत विषय संपतो या समजुतीवर जे लोक मोठ्या कॅलिबरसाठी, म्हणजे जाड गोळीसाठी, हट्ट धरतात, ते झटका सहन न झाल्याने दुसरी गोळी भिंतीत घालतात. बघतोच मी दर आठवड्याला.

भिंतीवरून आठवलं. चुकलेल्या गोळीचा हिशेब कोणी धरत नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांचा रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने अभ्यास केला, त्यात 1998 ते 2006 या काळात समोरूनही गोळीबार होत असताना पोलिसांच्या झाडलेल्या गोळ्यांपैकी लागलेल्या सरासरी 18 टक्के होत्या. पगारी, प्रशिक्षित, दरवर्षी परीक्षा देणारी माणसं. उरलेल्या गोळ्या कुठेतरी जातातच. त्याच शहरात 24 ऑगस्ट 2012ला एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका सशस्त्र मारेकऱ्यावर 16 गोळ्या झाडल्या, तो मेला, आणि नऊ वाटसरू जखमी झाले, काही थेट गोळ्यांनी, बाकीचे उडालेल्या तुकड्यांनी. घरात हे अंतर पावलांचं असतं आणि वाटसरू म्हणजे आपलीच माणसं. लाकडी फळी, जिप्समची पातळ भिंत, पोकळ दार यांतून पिस्तुलाची गोळी आरपार जाऊन पलीकडच्या माणसाला मारण्याइतकी शिल्लक राहते. विटांची भिंत सहसा थांबवते, पण मग तुकडे उडतात. छर्रे उडवणाऱ्या बारा बोअरच्या बंदुकीला नेम धरावा लागत नाही हाही याच जातीचा समज. खोलीच्या अंतरात छर्रे पसरतात ते जेमतेम तळहाताएवढे. मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर धरा. नेम चुकला तर सगळे छर्रे एकदमच चुकतात.

सगळ्यात जास्त वेळ मी वर्गात देतो तो अंधाराला. एक खोली काळी करून ठेवलीय. आत पुठ्ठ्याची माणसं. एकाच्या हातात चाकू, एकाच्या हातात मोबाइल, एकाच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, एक रेनकोट घातलेलं पोर, आणि एक पाठमोरी बाई जिच्या हातात काहीच नाही. हातात रंगाच्या गोळ्यांचं सरावाचं पिस्तूल, दार उघडायचं, तीन सेकंद. बाहेर ज्यांनी कागदावर सगळी वर्तुळं फोडली असतात, तेही मोबाइलवाल्याला मारतात. रेनकोटवाल्या पोराच्या छातीवर दर तुकडीत एक-दोन ठिपके असतातच, आणि मारणाऱ्याला नंतर विचारलं तर तो शपथेवर सांगतो की त्याच्या हातात काहीतरी होतं. खोटं बोलत नसतो. घाबरलेला मेंदू रिकामी जागा स्वतःच भरून काढतो. त्यात नजर चिंचोळी होते, कान बंद झाल्यासारखे होतात, बोटं जाड झाल्यासारखी वागतात. आणि खऱ्या पिस्तुलाचा बार बंद खोलीत झाला की आवाज 160 डेसिबलच्या घरात जातो, 140ला कानाला कायमची इजा होऊ शकते. नळीच्या ज्वाळेने डोळे दिपतात. म्हणजे पहिल्या गोळीनंतर तुम्ही जवळपास बहिरे आणि आंधळे.

दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियसची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. 14 फेब्रुवारी 2013, प्रिटोरियातलं घर, न्हाणीघरातल्या संडासाच्या बंद दारातून चार गोळ्या, आत त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प. आत चोर आहे असं वाटलं, हा त्याचा बचाव होता. तो खरा होता की खोटा यावर लोक आजही भांडतात, पण माझ्या विषयापुरतं त्याने काहीच फरक पडत नाही: वरच्या न्यायालयाने 2015मध्ये तो खून ठरवताना म्हटलं ते असं, की दारामागे कोणीही असो, चार गोळ्यांनी तो मरेल हे त्याला दिसत होतं. दुसरी घटना 1992ची, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजची. सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या पार्टीला निघाला, चुकून भलत्याच घराची बेल वाजवली. घरमालक मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर आला, 'फ्रीझ', म्हणजे 'हलू नकोस', असं ओरडला. पोराला तो शब्द किंवा प्रसंग उमगला नाही, तो हसत पुढे आला. एकच गोळी. फौजदारी खटल्यात मालक सुटला, दिवाणी दाव्यात साडेसहा लाख डॉलरची भरपाई द्यायचा आदेश झाला. त्या घरात दार होतं, कडी होती, फोन होता.

म्हणून कायद्याचं. देशागणिक कायदा वेगळा आहे, आणि तुमच्या ठिकाणचा काय आहे हे फौजदारीचं काम करणाऱ्या वकिलाला पैसे देऊन तासभर विचारा, माझ्यासारख्याला नव्हे. पण जवळजवळ सगळीकडे न्यायाधीश फिरून फिरून तीनच गोष्टी विचारतात. धोका त्या क्षणी अंगावर होता का? दुसरा काही उपाय हाताशी होता का? वापरलेलं बळ धोक्याच्या मानाने होतं का? दुसऱ्या प्रश्नावर देशादेशांत मोठा फरक आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडासारख्या राज्याने 2005पासून मागे हटण्याची अट काढून टाकली, इतरत्र ती कमी-जास्त शिल्लक आहे. पहिल्या प्रश्नावर मात्र सगळीकडे कडकपणा आहे. इंग्लंडमधल्या नॉरफकच्या टोनी मार्टिन या शेतकऱ्याने ऑगस्ट 1999मध्ये रात्री घरात शिरलेल्या दोघांवर बंदूक झाडली, पाठीत गोळी लागून सोळा वर्षांचा मुलगा मेला. चोरीचा त्रास त्याला आधीपासून होता, लोकांची सहानुभूतीही होती. तरी पहिल्या न्यायालयात खुनासाठी जन्मठेप झाली, अपिलात ती मनुष्यवधावर आली. पळणारा माणूस, पाठमोरा माणूस, नुसता टीव्ही उचलून चाललेला माणूस यांच्यावर झाडलेली गोळी बचावात बसवणं फार अवघड जातं. आणि तुम्ही घरात नसताना बंदूक दाराला दोरीने बांधून ठेवायची असली कल्पना डोक्यात असेल तर अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा 1971चा निकाल सांगतो: रिकाम्या शेतघरात शिरलेल्या चोराचा पाय अशा सापळ्याने जायबंदी झाला, आणि न्यायालयाने मालकालाच त्या चोराला 30 हजार डॉलर द्यायला लावले.

नंतरच्या दहा मिनिटांचा विचार तर कोणीच केलेला नसतो. पोलिस येतात तेव्हा त्यांना एवढंच दिसतं की एक माणूस जमिनीवर आहे आणि एकाच्या हातात हत्यार आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या अर्वाडा शहरात जून 2021मध्ये एका नागरिकाने गोळीबार करणाऱ्याला टिपलं, त्याची रायफल उचलली, आणि मागून आलेल्या पोलिसाने त्यालाच गोळी घातली. तेव्हा फोन करताना आपण कुठे आहोत, अंगावर काय कपडे आहेत हे सांगायचं, पोलिस दारात यायच्या आत हत्यार खाली ठेवून हात रिकामे दाखवायचे, आणि समोरच्याला रक्त वाहत असेल तर रुग्णवाहिकाही आपणच मागवायची.

राहिला रविवार. एका रविवारात मी तुम्हाला सुरक्षितपणे भरणं, रिकामं करणं आणि नळी कुठे धरायची नाही हे शिकवू शकतो. तेवढंसुद्धा महिनाभर हात लावला नाही की हातातून जातं. वर सांगितलेली अंधारी खोली जमायला माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांनाही वर्ष लागलंय, महिन्यातून दोनदा येऊन. आणि त्यांना जमलं म्हणजे काय झालं, तर ते गोळी न झाडता दार लावून घ्यायला शिकले.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर आधी घराच्या दाराची चौकट तपासली असती. चांगलं कुलूप लावलेली कुजकी चौकट लाथेसरशी निघते. बाहेर हालचालीने पेटणारा दिवा, पॅसेजमध्ये रात्रभर मंद उजेड, आणि झोपायच्या खोल्यांपैकी एका खोलीला भक्कम दार आणि आतून कडी. काही झालं तर मुलांनी आणि आजीने कुठल्या खोलीत जमायचं हे एकदा जेवताना ठरवून घ्यायचं, फोन रात्री तिथेच चार्जिंगला लावायचा. घरातलं कोणी उशिरा येणार असेल तर आत पाऊल टाकताना हाक मारायची, ही सवय सगळ्यांना.

हे सगळं करूनही पिस्तूल घ्यावंसं वाटलं तर परवान्याच्या अर्जाआधी एक काम करा. रात्री दिवे घालवून तुमच्या पलंगाशी उभे राहा, हात लांब करून बोट मुख्य दाराकडे रोखा, आणि त्या बोटाच्या सरळ रेषेत चालत जा, मधल्या भिंती नाहीतच असं धरून. मग पॅसेजच्या तोंडाशी उभे राहून तेच करा. तुम्ही लिहिलंय की पॅसेजच्या टोकाला मुलांची खोली आहे आणि तिला प्लायवूडचं दार आहे. कुठलं पिस्तूल, हे ती रेषा चालून झाल्यावर विचारा.